डमीवर जमलं, पेशंटपुढे हात अडला

प्रश्न : सर, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आठ महिन्यांपूर्वी संभाजीनगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. डमीच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, घशात श्वासाची नळी टाकली, गळ्याला चीर देऊन श्वासाला वाट काढायलाही शिकले. परवा फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी आला. तोंडाला फेस, श्वास मंद. लॅरिंगोस्कोप (नळी टाकताना घसा दाखवणारं दिव्याचं उपकरण) हातात घेतला आणि पुढचं काही सुचेना. सिस्टरनी अँबू बॅगवर, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर, धरून ठेवला, १०८ बोलावून लातूरला पाठवला. वाचला. मी पुन्हा प्रशिक्षणाला जाऊ का?

उत्तर : आधी सिस्टरना चहा पाजा. नळी पडली नाही, पण ऑक्सिजन जात राहिला, म्हणून तो माणूस लातूरपर्यंत पोचला.

प्रशिक्षणाला जरूर जा, पण त्यावर विसंबू नका. प्रशिक्षणाच्या कार्डावर मुदत दोन वर्षांची असते, हातातली सफाई मात्र तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागते. आणि डमीला कुठे लाळ येते? विषबाधेत घसा इतका भरलेला असतो की सक्शननं, म्हणजे लाळ ओढून घेणाऱ्या यंत्रानं, साफ केल्याशिवाय काही दिसत नाही. मला वाटतं, तुम्ही तिथेच अडलात.

दर सोमवारी ओपीडीआधी सरावाला दहा मिनिटं काढा. सामान तुमच्याच ट्रॉलीवरचं. सक्शन ओढतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ते हातानं बघा, रजिस्टरवरच्या टिकमार्कवर जाऊ नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री दोन वाजता माझे सेल उतरलेले निघाले. स्टोअरची किल्ली सापडेपर्यंत मी बॅग दाबत बसलो होतो.

बॅगचा सराव दोघांनी करा. एकानं दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा वर उचलायचा, दुसऱ्यानं दाबायचं. घाबरलेला माणूस भराभर दाबतो, हवा पोटात जाते आणि उलटी वर येते. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक दाब, तोही छाती हलेल इतकाच. आमच्या सिस्टर मनात पाच वेळा ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून एकदा दाबायच्या. घड्याळाची गरज पडत नसे.

महिन्यातून एक सकाळ उपजिल्हा रुग्णालयात ऑपरेशनच्या दिवशी तिथल्या भूलतज्ज्ञाशेजारी उभं राहायची परवानगी काढा. मास्क नीट न बसणारा दाढीवाला चेहरा आणि कवळी काढल्यावर आत गेलेले गाल तुम्हाला डमीवर मिळणार नाहीत.

गळ्याच्या चिरेसाठी खाटकाकडून बोकडाचं नरडं आणा, वर जुन्या हातमोज्याचा तुकडा ताणून बसवा. कंठमण्याखालची खोबण बोटानं चाचपा. १० नंबरचं पातं आडवं खुपसा, धार पायांकडे वळवा, कडेनं बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) सरकवा, तिच्यावरून ६ नंबरची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) नळी. २००३ साली १०२ भूलतज्ज्ञांकडून डमीवर हेच काम सुईनं करवून घेतलं होतं. पाचव्या खेपेला त्यातल्या ९६ टक्के लोकांचं चाळीस सेकंदांत उरकलं. म्हणजे हात बसायला वेळ लागत नाही. तो टिकवायला मात्र दर दोन-तीन महिन्यांनी खाटकाकडे जावं लागेल. तो काय म्हणेल ते म्हणू द्या.

आणि या सरावाच्या वेळी सिस्टरना समोर उभं करा. खऱ्या वेळी बूजी तुमच्या हातात त्यांनाच द्यायची आहे.