शाईचा पट्टा चपटा का होतो?

प्रश्न : टाकीतल्या साध्या पाण्यातून गोळा ओढला की मागची शाई चोहोबाजूंनी फुगते. मिठाचे थर असलेल्या पाण्यात मात्र ती जरा फुगून चपटी होते आणि आडवीच पसरते. असे का? शिवाय आमचा पट्टा दर वेळी वर सरकतो. काय चुकते?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साध्या पाण्यात गोळ्याचा माग (गोळ्यामागे ओढले जाणारे खळबळते पाणी) अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात रुंदावतो. रुंदी दुप्पट व्हायला अंतर आठपट लागते, आणि तोवर मागातला वेग पावपट उरतो. थरांच्या पाण्यात खळबळीने वर ढकललेले पाणी भोवतालापेक्षा जड ठरते, म्हणून ते परत खाली येते. वरखाली हालचालीचा जोर असा अडतो. आडव्या हालचालीला अटकाव नसतो.

इथे अंतर मोजू नका, वेळ मोजा. 40 सेंटिमीटर खोलीत घनता 1000 पासून 1040 किलो प्रति घनमीटरपर्यंत सारखी वाढत गेली, तर थरांची वरखाली डोलण्याची वारंवारता (एन) सेकंदाला सुमारे 1 रेडियन येते. एन गुणिले वेळ 2 च्या आसपास आला, म्हणजे इथे दोनेक सेकंदांत, की मागाची उंची वाढायची थांबते. 4 सेंटिमीटरचा गोळा सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने ओढलात, तर हे गोळ्यामागे वीतभर अंतरावरच दिसेल. 2 सेंटिमीटर वेगाने ओढलात तर मात्र खळबळ धड तयारच होत नाही.

चपटा माग लवकर विरत नाही, हे खरे पाहण्यासारखे. दोन ते बत्तीस सेकंदांत त्याचा वेग जेमतेम निम्मा होतो. साध्या पाण्यात एवढ्या काळात तो सहावा हिस्साही राहिला नसता. पन्नासेक सेकंदांनंतर वेग पुन्हा झपाट्याने घटतो आणि थाळीसारखे चपटे भोवरे उरतात. समुद्रात, जिथे खोलीबरोबर तापमान झपकन उतरते तिथे, एन 0.01 धरला तर हेच पन्नास सेकंद 83 मिनिटे होतात.

तुमचा पट्टा वर सरकतो, कारण शाई बहुधा गोड्या पाण्यात कालवलेली आहे. गोळा जिथून जाणार त्याच खोलीचे पाणी सिरिंजने काढा आणि शाई त्यात कालवा. गोळ्याला चिकटलेले बुडबुडेही शाई वर नेतात. ते आधी पुसून काढा.

थर भरताना दोन सारख्या बादल्या तळाशी नळीने जोडा. एकीत गोडे पाणी, दुसरीत लिटरला 60 ग्रॅम मीठ. टाकीच्या तळाशी पाणी गोड्या बादलीतूनच सावकाश सोडा आणि ती सतत ढवळा. मग टाकी रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे भरतानाची हालचाल निवते. तेवढ्या वेळात मीठ सेंटिमीटरभरच सरकते, त्यामुळे मधले थर बिघडत नाहीत.