वाट्याला आलेली कोळशाची शेगडी: प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी उलटली आणि नागपुरात रात्री गार पडू लागल्या की एकाच धाटणीची पत्रे येतात. वाडा विकला, सामान वाटले, माझ्या वाट्याला कोळशाची जुनी शेगडी आली, पुढे काय? अर्ध्या पत्रांत भाव विचारलेला असतो, उरलेल्यांत 'आज रात्री पेटवू का' असे. दुसऱ्या प्रश्नाची काळजी जास्त वाटते, म्हणून त्याचे उत्तर लांबले आहे.

शेगडी बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे की पत्र्याची, कसे ओळखायचे? चुंबक लावून पाहिले, चिकटते. (महाल)

चुंबक दोन्हींना चिकटते. नक्षी किंवा अक्षरे उठावाची असतील, कडा जाड असतील आणि तुटलेल्या जागी करडे, दाणेदार दिसत असेल, तर बीड.

आजोबांच्या बंगल्यातल्या इंग्रजी स्टोव्हच्या दारामागे 'आरडी' आणि पुढे सहा आकडे आहेत. हे बनवल्याचे साल का? (सिव्हिल लाइन्स)

नाही. तो ब्रिटनमधल्या नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक. हे क्रमांक १८८४ पासून सलग दिले गेले. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असे. क्रमांकावरून नक्षी कधी नोंदली ते कळते. ओतकाम त्यानंतर वीस वर्षांनीही झालेले असू शकते, कारण चालणारा साचा कोणी फेकत नाही. 'दीडशे वर्षांचा माल' असे विक्रेता म्हणाला, तर आधी हा क्रमांक कुठे आहे ते विचारा.

गंज काढायला भंगारवाला ॲसिड सुचवतो. चालेल का? (धरमपेठ)

चालणार नाही. बिडाला बारीक छिद्रे असतात, त्यांत ॲसिड मुरते आणि वरचा रंग काही महिन्यांत फुगून निघतो. अडकलेल्या नट-बोल्टवर रॉकेल सोडून एक दिवस थांबा. पान्याने जोर लावलात तर बोल्ट नाही, तो ज्यात बसतो तो बिडाचा कानच तुटेल. सुटे भाग काढताना मोबाईलवर फोटो घ्या. गंज तारेच्या ब्रशने कोरडाच घासा, फडक्याने पुसा, मग ग्रॅफाइटची काळी पेस्ट पातळ थरात चोळा. पाणी लागलेच तर त्याच तासाला उन्हात वाळवा. ऑइल पेंट आणि पावडर कोटिंग दोन्ही नको: पहिल्याच जाळात जळतात आणि घरभर वास भरतो. जुना रंग शिल्लक असेल तर त्यात शिसे असू शकते. तो पॉलिश पेपरने उडवू नका, आधी तपासून घ्या.

पुढच्या पट्टीला चीर आहे. वेल्डर तासाभरात जोडून देतो म्हणाला. (सक्करदरा)

तासाभरात जोडलेले बीड पहिल्या जाळात शेजारून फुटते. बीड ताणले जात नाही. एकाच जागी तापवून सोडले की आकसताना चीर पुढे सरकते. भाग आधी सगळीकडून तापवावा लागतो, निकेलची कांडी लागते, नंतर कोरड्या राखेत गाडून रात्रभर हळूहळू निववावा लागतो. वेल्डरला एवढेच विचारा, "निववणार कशात?" उत्तर आले नाही तर शेगडी उचला. चीर जाळाच्या खणात असेल तर ओतकाम कळणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय पेटवूच नका.

दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. थंडीत लोणारी (लाकडाचा) कोळसा बाहेर फुलवून, धूर गेला की शेगडी खोलीत घेतो. शेजारी म्हणतात, बाजूला पाण्याचे भांडे ठेवले की गॅस त्यात उतरतो. (जरीपटका)

उतरत नाही. पाण्याचे भांडे, कांद्याची फोड, तुळशीची कुंडी यांपैकी कशानेही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कमी होत नाही. पाण्यात तो जेमतेम विरघळतो. 'धूर गेला की धोका गेला' ही समजूत तर सगळ्यांत वाईट. निखारा लालबुंद फुलतो तेव्हाच हा वायू भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री माणूस खिडकीची फट कापडाने बुजवतो, आणि ती बुजवली की खोलीत येणारी हवा संपते. खिडकी बोटभर उघडी ठेवली तरी भरवसा नाही. धुराडे नसलेली शेगडी झोपायच्या खोलीत ठेवायचीच नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनवालेच वाटते आणि ते ९८ दाखवत राहते. धुराचा अलार्मही हा वायू ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, मुदत पाहून घ्या. कोणाला गरगरले तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'खोलीत कोळसा होता' हे पहिल्याच वाक्यात सांगा. 'थोडा वेळ बघू' म्हणू नका.

हेच तांब्याच्या बंबाला लागू. न्हाणीघर परसात होते, कौलांतून वारा खेळत होता, तेव्हा बंब आत चालून गेला. फ्लॅटच्या बाथरूममध्ये तो शोभेलाच ठेवा.

बंबाला आतून कल्हई हवी का? (नंदनवन)

अंघोळीच्या पाण्याला नको. बंब उघड्या अंगणात पेटवत असाल तर पाणी आधी भरा. रिकामा तापला की झाळलेले सांधे सुटतात.

स्टोव्हच्या दाराभोवती पांढुरकी दोरी आहे, कुजली आहे. उपटून टाकू? (कामठी)

हात लावू नका. जुन्या स्टोव्हमध्ये ही दोरी बहुधा ॲस्बेस्टॉसची असते. कोरडी ओढली की तिचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे राहतात. दोरी साबणाच्या पाण्याने भिजवून ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि काढायला अनुभवी माणूस बोलवा. नंतर ग्लास फायबरची दोरी बसवा. ती बॉयलरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळते. जुन्या खाचेची रुंदी मोजून न्या.

धुराडे आहे. उमरेडचा दगडी कोळसा घातला तर चालेल ना? (मानेवाडा)

आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती जाळीखालच्या खणात साचते. जाळीचे गज खालून येणाऱ्या हवेने थंड राहतात. खण भरला की हवा अडते, गज लाल होतात आणि वाकतात. राख दर काही तासांनी काढा, बंद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, निदान एक दिवस ठेवा. मुळात जाळी दगडी कोळसा जाळण्यासाठी आहे की लाकूड, ते तपासून घ्या.

धुराडे 'आहे' एवढ्याने भागत नाही. पारव्यांची घरटी आत असतात. दार उघडून उदबत्ती धरा: धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तोंडावर आला तर पेटवू नका. हीच परीक्षा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून पुन्हा करा, कारण तो पंखा धुराड्यातली हवा उलटी घरात ओढतो.

मुलगा अमेरिकेला न्यायची म्हणतो. भाव काय येईल? (रामदासपेठ)

वस्तू न पाहता सांगितलेला भाव ऐकू नका, माझ्याकडूनही नाही. 'ॲसिडने उजळून देतो, मग दुप्पट येतील' म्हणणारा मूळ पृष्ठभाग घालवून तीच वस्तू अर्ध्यात मागतो. परदेशी नेण्याचे मात्र कायद्याचे काम आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष (म्हणजे पुरातन वस्तूंचा) कायदा लागू होऊ शकतो आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात फोटो दाखवून ती पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र मिळते का, ते विचारा. तिकीट त्यानंतर काढा. आणि शेगडीवर भावंडांचाही हक्क असेल, तर त्याआधी वकिलाकडे.