लग्न नको, पण घर कोणाच्या नावावर?

प्रिय मैत्रीण,

नऊ वर्षांच्या सहजीवनानंतर तुमच्या जोडीदाराला तुमच्याशी रीतसर लग्न करायचे आहे आणि तुम्ही राहता त्या देशाचा कायदाही आता दोन स्त्रियांच्या विवाहाला मान्यता देतो. तुमचा मात्र नकार आहे, कारण ज्या संस्थेने स्त्रीला शतकानुशतके नवऱ्याच्या ताब्यात दिले, तिच्याच दारात हक्क मागायला जाणे ही तुम्हाला चळवळीशी प्रतारणा वाटते.

तुमचा आक्षेप पोकळ नाही. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या अमेरिकेतील लॅम्डा लीगल या एकाच संस्थेतले टॉम स्टॉडर्ड आणि पॉला एटेलब्रिक हे दोन वकील १९८९ मध्ये याच प्रश्नावर जाहीरपणे आमनेसामने आले होते. विवाहसंस्थेचा इतिहास जाचक आहे हे स्टॉडर्ड यांनाही मान्य होते, तरी विवाहाचा हक्क मिळवलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. उलट एटेलब्रिक यांना भीती होती की विवाहित जोडपी प्रतिष्ठित ठरतील आणि लग्न न करणारे अधिकच कडेला ढकलले जातील. ही भीती मला आजही रास्त वाटते. वारसाहक्कापासून करसवलतीपर्यंत सारे काही राज्यसंस्थेने एका दाखल्याला बांधून ठेवावे, यातच मोठी सत्ता आहे. फ्रान्सने १९९९ मध्ये विवाहाला पर्याय म्हणून नोंदणीकृत सहजीवनाचा करार आणला, तेव्हा पुढे त्याचा लाभ भिन्नलिंगी जोडप्यांनीच अधिक घेतला; म्हणजे लग्नाचा काच केवळ तुम्हालाच जाणवतो असे नाही.

मात्र तुम्ही ओघात लिहून गेलात त्या एका वाक्यापाशी मी अडले. घर तिच्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते ती भरते आणि ‘बरोबरी राहावी म्हणून’ किराणा, वीजबिल आणि प्रवासखर्च तुम्ही करता. उद्या तुम्ही वेगळ्या झालात, तर तिच्याकडे घर राहील आणि तुमच्याकडे पावत्या. भावाला चार दिवस राहायला बोलावण्याआधी तुम्ही तिला विचारता, ती मात्र तिच्या पाहुण्यांची नुसती कल्पना देते, हेही तुम्हीच कळवले आहे. ही सत्ता नव्हे तर काय? विवाहात निदान पोटगी, मालमत्तेतला वाटा, वारसा यांवर कायद्याने भांडता येते. तुमच्या घरातली सत्ता कुठल्याच कागदावर नाही, म्हणून तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. (चळवळीतली माणसे पैशांचा विषय निघाला की चटकन तत्त्वाकडे वळतात, आणि त्यात मीही आले.)

म्हणून लग्न कराच, असे मी म्हणणार नाही. मृत्युपत्र, आजारपणात निर्णय घेण्याचे अधिकारपत्र आणि घरातल्या तुमच्या हिश्शाचा लेखी करार एवढे झाले, तर लग्नाविनाही बरेचसे संरक्षण मिळते. फक्त असा करार तुम्हा दोघींना बांधतो, कर खात्याला नाही, हे ध्यानात ठेवा. शिवाय तिला लग्न का हवे आहे, हे तुमच्या एवढ्या लांब पत्रात कुठेच आलेले नाही. ते तिला विचारा आणि या वेळी मध्येच तिला खोडून न काढता ऐका.

घराचा विषय मात्र लग्नाच्या निर्णयाआधी काढा आणि त्यासाठी वकील करताना दोघींनी मिळून एकच करू नका. तुमचा वकील वेगळा असू द्या. ती त्यावर रागावली, तर ते मला अवश्य कळवा.