घोड्यावरून उतरण्याआधी

प्रिय वाचक,

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तुम्ही पुण्याच्या रेसकोर्सवर शिकाऊ जॉकी झालात, आज पस्तिशीत आहात, गेल्या दोन मोसमांत शर्यतीत घोडा चालवण्याच्या संधी, म्हणजे राइड्स, कमी होत गेल्या आणि वजन आवरण्यासाठी रात्रीचे जेवण सोडावे लागते, असे तुम्ही लिहिले आहे. 'घोड्यावर बसण्याखेरीज मला काही येत नाही, आणि हे पत्नीला सांगण्याचा धीर होत नाही,' या वाक्याचा पूर्वार्ध मला मुळीच मान्य नाही.

पहाटेच्या कसरतीत घोड्याची चाल किंचित बदलली तरी तो कोणता पाय जपतो आहे हे जो ट्रेनरला सांगू शकतो, त्याच्यापाशी अनेक वर्षांची विद्या असते. उणीव आहे ती कागदाची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा आता देता येते, आणि मुंबईचा मोसम संपून पावसाळ्यात पुण्याचा सुरू होईपर्यंतचा काळ अभ्यासाला पुरतो. हे राइड्स मिळत असतानाच सुरू करा, कारण परवाना आणि ओळखी हाती असताना दारे लवकर उघडतात.

बहुतेक जॉकींच्या डोळ्यांसमोर ट्रेनर होणे हेच एक स्वप्न असते. जॉकी पेसी श्रॉफ यांनी इंडियन डर्बी ही मानाची शर्यत आठ वेळा जिंकली आणि निवृत्तीनंतर ट्रेनर म्हणूनही मोठे यश मिळवले. परंतु घोडे सोपवणारे मालक, घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसांचे पगार आणि दाणावैरणीचा खर्च यांची सोय नसताना त्या वाटेला लागणे मला धोक्याचे वाटते. आधी एखाद्या ट्रेनरच्या हाताखाली सहायक म्हणून हिशेब आणि मालकांशी बोलणे शिका.

मला तुमच्यासाठी अधिक आशादायक वाटते ते कोवळ्या घोड्यांचे काम. पुण्याच्या आसपास घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म आहेत, आणि शिंगरांना खोगिराची व स्वाराची सवय लावणारा शांत हाताचा माणूस तेथे लागतोच. जपानच्या होक्काइदो बेटावरील उराकावा परिसरात तर अनेक भारतीय स्वार याच कामावर आहेत. तिकडे जाण्याचा विचार केलात, तर भाषा आधी शिका आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी नसलेल्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. घरापासून दूर जायचे नसेल, तर अश्वारोहणाच्या शाळेत मुलांना शिकवता येईल. मात्र शिकवण्याला लागणारा धीर तुमच्यात आहे का, हे एखादा महिना जाऊन पाहा.

पत्नीला याच आठवड्यात सांगा. राइड्स कमी झाल्याचे घरखर्चावरून त्यांच्या ध्यानात बहुधा आलेच असेल, आणि पुढची दोन वर्षे कोणत्या पैशांवर काढायची हा निर्णय तुम्ही एकट्याने घेण्याचा नाही.

मागच्या मोसमात पडल्यापासून अधूनमधून डोके दुखते, असे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. वर लिहिलेल्या सगळ्याच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत कसरतीच्या घोड्यावरसुद्धा बसू नका.