'हा ठंडा गरम आहे': नागपुरी 'ठंडा' म्हणजे नेमके काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून नागपुरात आलेल्या एका वाचकाला लग्नघरी विचारले गेले, 'काय घेता जी, ठंडा की गरम?' ठंडा म्हटल्यावर ताक किंवा पन्हे येईल अशी त्यांची अपेक्षा होती, समोर आली ती कोल्ड्रिंकची बाटली. त्यांचे प्रश्न तीन: हा शब्द हिंदीच ना? लिहिताना 'थंडा' की 'ठंडा'? आणि 'शीतपेय' असताना याची गरज काय?

आधी अर्थ पाहू, कारण गोंधळ तिथेच आहे. नागपुरी 'ठंडा' हे इथे विशेषण नाही, नाम आहे. म्हणून 'हा ठंडा गरम आहे, फ्रीजमधला दे' हे वाक्य बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) कुठल्याही पानठेल्यावर बिनदिक्कत बोलता येते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. उलट लस्सी, ताक, पन्हे, उसाचा रस कितीही गार असले तरी ते ठंडा नव्हेत, त्यांना त्यांची नावे आहेत. मग ठंड्याची व्याख्या गॅसवर ठरते का? तसेही नाही. कारखान्यात भरलेली आंब्याची गोड बाटली गॅस नसूनही ठंड्यातच मोजली जाते, आणि गोटी सोड्यात गॅस असूनही तो 'सोडा'च राहतो. म्हणजे कारखान्यातून सीलबंद आलेले, गोड, दारू नसलेले पेय तो ठंडा. थंडपणा फक्त नावात उरला आहे.

पुण्या-मुंबईच्या 'कोल्ड्रिंक'चेही तेच झाले आहे. मराठीत 'ड्रिंक घेता का?' म्हटले की दारूचा वास येतो, 'बाटली'चेही तसेच. तो अर्थ वळवायला 'कोल्ड' लागतो. इंग्रजीत जे काम 'सॉफ्ट' हा शब्द करतो ते आपल्याकडे 'कोल्ड' करतो. उच्चारात दोन 'ड' एकत्र आले आणि अनेकांच्या तोंडी अनेकवचनाचा 'स'ही कायमचा चिकटला. 'एक कोल्ड्रिंक्स द्या' ही चूक मानू नये, 'कोल्ड्रिंक्स' हेच तिथे एकवचन झाले आहे.

आता शब्द कुणाचा. सध्याचा अर्थ हिंदीच्या शेजारातून आला, हे उघड आहे. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि 1956 मध्ये मुंबई राज्यात येईपर्यंत कचेरी, बाजार, रेल्वे सगळीकडे मराठी-हिंदी एकत्र नांदत होत्या. पण शब्द उचलला म्हणजे तो परकाच राहिला असे होत नाही. 'ठंड्याची बाटली', 'ठंड्यात बर्फ नको टाकू' ही रूपे पाहा. हिंदीत 'ठंडे की बोतल' होते. नागपूरकर घोडा-घोड्याची या चालीने ठंडा-ठंड्याची करतो. सामान्यरूपात असा 'य' आला की शब्द मराठीच्या व्याकरणात रुजला, माझ्या मते याहून चांगला पुरावा नाही.

शिवाय मूळ एकच आहे. संस्कृत 'स्तब्ध' म्हणजे ताठ, गोठलेला. त्यातून प्राकृतामार्गे मराठीत दंत्य 'थ'चा थंड आला, हिंदीत मूर्धन्य 'ठ'चा ठंडा. मराठीतले 'थंड' लिंगानुसार बदलत नाही (थंड पाणी, थंड हवा), पण 'थंडा प्रतिसाद', 'थंडा कारभार' अशी आकारान्त जोडही आपल्याकडे आहेच. त्यामुळे लिहिताना नागपुरी संवाद असेल तर 'ठंडा'च लिहावे. त्याचे शुद्धलेखनी 'थंडा' करणे म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज पुसणे. 'शीतपेय' पाटीवर, बातमीत, निविदेत ठीक आहे. बोलण्यात ते कुणी मागत नाही, आणि त्यात लस्सी धरायची की नाही हेही त्या शब्दावरून कळत नाही.

'ठंडा मतलब कोका-कोला' या जाहिरातीने हा शब्द पसरवला असे बरेच जण समजतात. ती 2000 नंतरची. जाहिरातीने लोकांच्या तोंडचा शब्द उचलला, म्हणून तर ती लागू पडली. अमेरिकेच्या दक्षिणेत याच्या उलट झाले: तिथे 'कोक' हेच कुठल्याही फसफसत्या पेयाचे नाव झाले, तर मध्य-पश्चिमेत लोक 'पॉप' म्हणतात आणि ईशान्येत 'सोडा'.

आपला 'सोडा' मात्र बेचव. पानठेल्यावर नुसते 'सोडा द्या' म्हटले तर साखर नसलेला मिळेल. गोड किंवा चटपटीत हवा असेल तर लिंबू सोडा, मसाला सोडा, जिरा सोडा असे पूर्ण नाव घ्यावे. पूर्वी सोडा, लेमन, जिंजर ही त्रयी एका दमात उच्चारली जाई. त्या काळचे 'सोडावॉटर' आता जाड भिंगांच्या चष्म्याच्या उपमेत तेवढे टिकून आहे.

गोटी सोड्याचे नाव बाटलीवरून पडले. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. भरताना बाटली उलटी करतात, गोटी तोंडाशी येते आणि आतल्या गॅसच्या दाबाने रबरी कड्याला घट्ट बसते. गोटी दाबली की दाब सुटतो. ओतताना मानेतले दोन खळगे खालच्या बाजूला धरावेत, म्हणजे गोटी तिथे अडते. उलट धरले तर ती घरंगळून तोंड बंद करते आणि लोक सोडा खराब आहे म्हणतात. हीच बाटली दिल्लीत 'बंटा', तमिळनाडूत 'गोली सोडा'. तिन्हीकडे नाव काचेच्या गोटीचेच.

'याचा गॅस गेला' ही तक्रार मे महिन्यात जास्त ऐकू येते, कारण हा गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, गार पाण्यात जास्त विरघळतो. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशावर लिटरमध्ये साधारण 3.3 ग्रॅम, 20 अंशांवर त्याच्या निम्माच. 45 अंशांत उन्हात राहिलेली बाटली उघडताच फसफसून निम्मी सांडते आणि उरलेली सपक लागते. इथे मात्र ठंडा खरोखर थंडच हवा.

एक सावधगिरी: मुलांना 'पेप्सी आण' सांगताना बाटली की पिशवी ते स्पष्ट करावे. प्लास्टिकच्या लांबट पिशवीत गोठवलेल्या रंगीत गोड बर्फालाही महाराष्ट्रात 'पेप्सी'च म्हणतात, आणि शाळेजवळच्या दुकानात पहिला अर्थ तोच.