ज्याच्याशी मतभेद, त्यालाच सांग

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज शांतपणे वाचला. 'मावशी, माझं मत चुकीचं होतं का?' असं तू पुन्हा पुन्हा विचारलं आहेस. मुळीच चुकीचं नव्हतं, आणि हे तुलाही ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर मी फार लिहिणार नाही. वर्गातल्या मुलांनी मुंबई महापालिकेच्या शाळेची भिंत रंगवायचं ठरवलं, प्रेझेंटेशनमध्ये 'या मुलांकडे काहीच नाही' अशी स्लाइड टाकली. तुझ्या आजीने सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत केली. ती स्लाइड बघताना तुला राग आला नसता, तर मला वाईट वाटलं असतं.

पण तू तिथे गप्प बसलीस. टाळ्या पडल्या तेव्हा तूही वाजवल्यास. घरी येऊन चार मैत्रिणींच्या ग्रुपवर मात्र सगळं लिहिलंस, प्रेझेंटेशन देणाऱ्या मुलीचं नाव घेऊन. त्याचा स्क्रीनशॉट फिरत फिरत तिच्याकडे गेला. आता ती तुझ्याशी बोलत नाही, असे उपक्रम ज्यात येतात त्या कॅसच्या सरांनी तुला बोलावून घेतलं आणि काउन्सेलर मॅडमनी गुरुवारी सगळ्यांना गोल बसवून बोलतं करायचं ठरवलं आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात अनेकदा सांगणार आहे. कंटाळलीस तरी ऐक. ज्याच्याशी मतभेद आहे, त्यालाच सांग.

तू म्हणतेस, 'आमच्या शाळेत तर रोज वादच चालतात.' चालतात, मला माहीत आहे. मी टीओकेचा, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं हे तपासायला लावणाऱ्या विषयाचा, तास वर्षानुवर्षं घेतला आहे. टीओकेच्या निबंधात १६०० शब्दांत आपल्याच मुद्द्याची विरुद्ध बाजू मांडायची असते, आणि तो तपासणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो, तुला तो कधी भेटत नाही. एमयूएनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या लुटुपुटूच्या सभेत, तुला एक देश नेमून देतात आणि दोन दिवस तू त्या देशाच्या वतीने भांडतेस. हे सगळं शिकण्यासारखं आहे. पण नेमून दिलेल्या बाजूने बोलताना तुझं काहीच पणाला लागत नाही. उद्या जिच्या शेजारी बसून डबा खायचा आहे, तिला 'तुझी ही स्लाइड मला खोटी वाटते' असं म्हणणं, याला गुण नाहीत आणि याचा सराव तुमच्याकडे कोणी करून घेत नाही. त्यातून तुमच्या शाळेत मुलं येत-जात राहतात. कोणाच्या वडिलांची दोन वर्षांनी सिंगापूरला बदली, कोणी फक्त अकरावी-बारावीच्या डिप्लोमाची दोन वर्षं काढायला आलेलं. कशाला वाईटपणा घ्या, असं प्रत्येकाला वाटतं. मग वर्गात प्रत्येक वाक्याआधी 'रिस्पेक्टफुली' लावायचं आणि खरं काय वाटतं ते रात्री व्हॉट्सॲपवर. हे मी इतकं पाहिलं आहे की, आता त्याबद्दल ऐकूनही घेववत नाही.

तुमचा अभ्यासक्रम ज्या संस्थेचा आहे, त्या आयबीची स्थापना १९६८ साली जिनिव्हात झाली. त्यांच्या ध्येयवाक्याच्या शेवटी म्हटलं आहे की, आपल्यापेक्षा वेगळी असणारी माणसंही बरोबर असू शकतात. तुमच्याकडेही ते कुठेतरी भिंतीवर असेलच. पण समोरचा बरोबर आहे की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार कसं? ग्रुपवर चौघींनी मिळून तिच्याबद्दल निकाल देऊन टाकलात. तिला तिची बाजू सांगायची संधी कोणी दिली? ती स्लाइड तिने स्वतः केली होती की गटातल्या दुसऱ्या कोणी, हेसुद्धा तुला माहीत नाही. तुझ्याच मेसेजमध्ये आहे ते.

आता कॅसचं बघ, कारण तू गप्प बसलीस याचं मला खरं वाईट इथे वाटतं. डिप्लोमाच्या ४५ गुणांपैकी एकही गुण कॅसचा नाही, पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. निदान १८ महिने चालणारं काम आहे ते. त्याच्या टप्प्यांत पहिला टप्पा शोध घेण्याचा. तयारी आणि प्रत्यक्ष काम त्यानंतर. मुलांनी काय साध्य करावं याच्या सात अपेक्षा दिल्या आहेत आणि त्यातली एक आहे, आपण जे निवडतो आणि करतो ते नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, याचा विचार करणं. म्हणजे तुझा आक्षेप अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हता. त्या खोलीत एकच प्रश्न पुरला असता, 'त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना कोणी विचारलं आहे का, त्यांना काय हवं आहे?' एवढ्याने सगळ्या प्रोजेक्टची दिशा बदलली असती. हा प्रश्न त्या खोलीत फक्त तुला सुचला होता आणि तू तो तिथे विचारला नाहीस.

आणि तुला माहिती किती होती! महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. आठ भाषांमधून मुलांना शिकवणाऱ्या शाळा चालवणं काय असतं, हे तुमच्या वर्गात कोणाला ठाऊक आहे? मुलांना गणवेश, दप्तर, वह्यांपासून २७ वस्तू मोफत मिळतात. विलेपार्ल्यात तर महापालिकेनेच २०२२ साली आयबीची शाळा सुरू केली. अडचणी ढीगभर आहेत. मी स्वतः तुझ्या आजीबरोबर त्याच शाळांमध्ये नोकरीची पहिली वर्षं काढली, मला त्या कोणी सांगायला नकोत. पण 'काहीच नाही' हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तू पुराव्यानिशी सांगू शकली असतीस. रागाने नव्हे, माहिती देऊन. तुझ्या ग्रुपवरच्या मैत्रिणींना त्या माहितीचा काय उपयोग? ज्यांच्या हातात रंगाचा ब्रश होता, त्यांना तिची गरज होती.

तुम्हाला शाळेतून गावदेवीला मणिभवन बघायला नेलं असेल. तिथे १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटायला गेले होते. गांधीजींच्या मागे तेव्हा अवघा देश होता. बाबासाहेबांनी त्यांच्या समोर बसून सांगितलं की, मला मातृभूमी नाही. ज्या देशात आम्हाला कुत्र्यामांजरासारखं वागवतात, पाणी मिळत नाही, त्या देशाला माझा कसा म्हणू, असं विचारलं. त्या भेटीत मतभेद मिटले नाहीत, पुढे तर ते वाढले. पण आंबेडकरांचं काय म्हणणं आहे, ते गांधीजींना आंबेडकरांकडूनच कळलं. मला या भेटीचं नेहमी मोल वाटत आलं आहे. पटवून देता आलं नाही तरी चालेल, पण आपलं म्हणणं त्या माणसाच्या कानावर आपणच घालायचं.

तू विचारलं आहेस की, असं तोंडावर बोलून मला काय मिळालं. आईने सांगितलं असेल तुला काहीतरी. तर ऐक, मीच सांगते.

मी ज्या शाळेत शेवटची नोकरी केली, तिथे प्रेडिक्टेड ग्रेड्स वाढवून द्यायचा दबाव यायला लागला. परदेशातली विद्यापीठं या अंदाजी गुणांवर प्रवेशाचा निर्णय घेतात, त्यामुळे पालकांचा जोर असतो. सातपैकी पाच मिळतील अशा मुलाला सात लिहायचे. मी आधी प्रिन्सिपल बाईंच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं, चहा पाजला, पुढे काही झालं नाही. मग स्टाफ मीटिंगमध्ये हाच विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले आणि जे केबिनमध्ये बोलले होते तेच सगळ्यांसमोर बोलले. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. वर्ष संपल्यावर माझा करार वाढवला नाही.

त्याची हळहळ आहे. अकरावीची एक बॅच अर्ध्यावर सोडावी लागली, त्यातल्या दोन मुलांचे एक्स्टेंडेड एसे, म्हणजे डिप्लोमासाठीचे मोठे संशोधन-निबंध, माझ्याकडे होते, आणि ते चार हजार शब्द पुरे होताना मला बघायचे होते. त्याहून जास्त हळहळ एका मैत्रिणीची आहे. कॅन्टीनमध्ये ती माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलायची. मीटिंगमध्ये मी तिच्याकडे बघितलं, तर ती वहीत काहीतरी लिहीत होती. आमचं बोलणं त्यानंतर कमी होत गेलं आणि मग थांबलंच. तिला दोन मुलं, घराचे हप्ते, हे मला कळत होतं. मी तिला दोष दिला नाही. पण तेव्हापासून मला कॅन्टीनमधलं धैर्य ऐकवत नाही. लोक म्हणतात, 'तुम्ही जरा सांभाळून घ्यायला हवं होतं.' काय सांभाळायला हवं होतं? मुलाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त गुण लिहायचे, मग तो तिकडे जाऊन पहिल्याच सत्रात कोसळला की आपण इकडे हात झटकायचे? मी बोलले ते ठीकच केलं. आजही तेच करीन. ज्या बाईंशी माझा मतभेद होता त्यांनाही हे ठाऊक आहे की, मी त्यांच्या मागे एक अक्षर बोलले नाही. नंतर एका लग्नात भेटल्या तेव्हा त्या स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुझा करार कोणी रद्द करणार नाही. सोळाव्या वर्षी याची किंमत फार थोडी मोजावी लागते, म्हणून आत्ताच सवय लाव. चाळिशीत ती लावून घेणं अवघड जातं, मी पाहिलं आहे.

तुझ्या मेसेजच्या शेवटी एक वाक्य आहे, त्याने मात्र माझा पारा चढला. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या की, या अनुभवातून तुझी किती वाढ झाली यावर कॉलेजच्या अर्जाचा निबंध छान होईल, आणि तू त्याचा आराखडा करायलाही घेतलास! अगं, अजून घडलं काय आहे? ती मुलगी तुझ्याशी बोलत नाही, भिंत रंगवायचं ठरलेलं तसंच आहे, तू कोणाला काही सांगितलेलं नाहीस. वाढ कुठून आली? आधी तिच्यासमोर जाऊन बस. त्यानंतर लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तर उत्तमच. बाजूला ठेव तो आराखडा.

गुरुवारी गोलात बसण्याआधी तिला भेट. सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकण्याची वेळ तिच्यावर आणू नकोस. माफी मागायची ती ग्रुपवर नाव घेऊन लिहिलंस त्याची माग. मताची माफी मागू नकोस. कोणी गोडीगुलाबीने मागायला लावली तरी नाही. तिने प्रोजेक्टमागे काय विचार केला होता ते विचार, आणि मध्ये न बोलता पूर्ण ऐक. तू जे ऐकलंस ते तुझ्या शब्दांत तिला परत सांग. ती 'हो, असंच' म्हणाली, की मग आजीच्या शाळेचं बोल. स्लाइड का खटकली ते सांग. रडू आलं तर येऊ दे. ती चिडली तर चिडू दे, तिलाही तोंडावर चिडायचा हक्क आहे. पटलं नाही तरी हरकत नाही. फक्त परत ग्रुपवर जाऊन 'बघा, ती अशी म्हणाली' हे करायचं नाही.

ती तयार असली तर दोघी मिळून त्या शाळेत जा. सकाळच्या सत्राला लवकर गेलात तर मुख्याध्यापिका भेटतील. आजीला घेऊन जा बरोबर, तिथे कसं आणि कोणाशी बोलायचं ते तिला चांगलं कळतं. भिंत हवी आहे की दुसरं काही, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि वहीत लिहून आणा. सरांनाही सांगायचं राहिलं आहे. 'सर, आपण न विचारता ठरवलं,' हे त्यांना तूच सांगायचं आहे, आईने फोन करून नाही.

आणि मुली, मलाही जे लिहिलंस ते तिच्या मागेच लिहिलंस. माझ्यावर विश्वास आहे म्हणून लिहिलंस, त्याचा मला आनंद आहे, आणि एरवी तू मध्यरात्री फोन केलास तरी मी उचलीन. पण या बाबतीत यापुढे मी काही ऐकणार नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. आधी तिला फोन कर.

तुझी,
मावशी