चिपवर प्रोटीन चिकटलं हे करंटवरून खरंच कळतं का? मग रक्त थेट टाकून का चालत नाही?

कळतं. पण थेट रक्तात का नाही याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर मीठ. मी अशाच सेन्सरवर काम करते म्हणून जरा सविस्तर सांगते.

चिप म्हणजे आपला ट्रान्झिस्टरच, फक्त वरचं मेटलचं गेट (करंट कमी-जास्त करणारा भाग) काढून तिथे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि त्यात बुडवलेला रेफरन्स इलेक्ट्रोड. बर्गवेल्डने 1970 ला आयन मोजायला हे केलं होतं, प्रोटीनसाठी नंतर सिलिकॉन नॅनोवायर, ग्राफीन वगैरे आलं. वर अँटीबॉडी बसवायची, तिला तिचं प्रोटीन चिकटलं की ते स्वतःचा चार्ज घेऊन येतं आणि खालच्या चॅनलमधला (करंट वाहतो त्या पट्टीतला) करंट थोडा हलतो, म्हणजे एलायझासारखं (प्रोटीन ओळखायची नेहमीची लॅब टेस्ट) एन्झाइम, रंग काही लागत नाही.

आता गोची. रक्तात मीठ साधारण 150 मिलिमोलर, आणि हे आयन प्रोटीनच्या चार्जभोवती असे गोळा होतात की पाऊण नॅनोमीटरच्या पलीकडून तो चार्ज चिपला जवळपास दिसतच नाही, याला डिबाय लेंग्थ म्हणतात. अँटीबॉडी स्वतःच दहाएक नॅनोमीटरची, म्हणजे प्रोटीन चिकटतंय बरोबर पण चिपच्या नजरेबाहेर! बफर 100 पट पातळ केला तर ही लांबी 10 पट वाढते, पण मीठ कमी झालं की बाइंडिंगच बदलू शकतं, मग मोजलं ते नेमकं काय? म्हणून बरेच जण नेहमीच्या मिठात चिकटू देतात, धुतात आणि मग पातळ बफरमध्ये रीडिंग घेतात. चालतं, पण त्यात चिकटण्या-सुटण्याचा वेग दिसत नाही आणि बाइंडिंग कमजोर असेल तर धुतानाच अर्धं सुटून जातं. दुसरा रस्ता म्हणजे अँटीबॉडीऐवजी तिचा छोटा तुकडा किंवा ठरावीक टार्गेटला चिकटणारा डीएनए/आरएनएचा छोटा धागा, म्हणजे अ‍ॅप्टामर लावायचा. मला अ‍ॅप्टामर जास्त पटतो कारण टार्गेट मिळालं की तो स्वतः घडी बदलतो आणि त्याचाच चार्ज पृष्ठभागाजवळ हलतो.

आणि करंट हलला म्हणजे बाइंडिंग झालं असं लगेच धरू नका, पीएच जरा बदलला, तापमान बदललं, दुसरंच कुठलं प्रोटीन येऊन बसलं तरी तो हलतो, आणि ड्रिफ्ट (काही न घडताही रीडिंग हळूहळू सरकणं) तर कायमचाच. शेजारी तसाच दुसरा एक सेन्सर अँटीबॉडीशिवाय, नुसता बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रोटीन) लावलेला ठेवा आणि त्याचं रीडिंग वजा करा. कुठल्या पेपरमध्ये फेम्टोमोलरचा (म्हणजे अतिशय कमी प्रोटीनही पकडल्याचा) दावा दिसला की मी आधी बफरमध्ये मीठ किती आणि कंट्रोल कुठला हेच बघते, आकडा नंतर.

तुम्हाला नुसता केडी (बाइंडिंग किती घट्ट आहे त्याचा आकडा) हवा असेल तर सरळ एसपीआर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स) वापरा, तिथे मिठाचा हा त्रास नाही कारण ते प्रकाशावर चालतं. चिपच करायची असेल तर सुरुवात बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनने करा, ही जोडी धुतल्याने सुटत नाही, त्यामुळे सिग्नल आला नाही तर निदान बाइंडिंगवर शंका घ्यायला नको.